पाणी कुठून येतं?

"बाई, ही गोळी गिळायला पाणी कुठून येतं?"

२०१३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुंबईच्या आरे कॉलनीतल्या एका आदिवासी पाड्यावर, आंब्याखालच्या सारवलेल्या जागेत आमचा प्रयोग चालू होता. नाटकातलं साल होतं २०९०. मुंबईचा सखल भाग समुद्रात गेलाय, माणसं शंभर मजली मनोऱ्यांत राहतात आणि जेवणाऐवजी गोळ्या खातात, अशी कल्पना. आठवीतली दोन मुलं चंदेरी कागदाचे अंगरखे घालून एकमेकांना गोळ्या देत होती. पुढ्यात गोणपाटावर बसलेल्या एका आजीने बसल्या जागेवरून हा प्रश्न टाकला आणि मुलं थबकली.

मी कडेला संहिता घेऊन उभी होते. विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे उत्तर तयार होतं. खारं पाणी गोडं करणारी यंत्रं असतात, म्हटलं. "मग ते शंभर मजले वर कोण चढवतं?" पंप चढवतो. "आणि वीज गेली?" यावर माझ्याकडे काही नव्हतं. एका मुलाने मात्र पाठ केलेलं सगळं सोडून दिलं. "आजी, वीज गेली की आम्ही खाली उतरून हंडा भरतो." खाली तर समुद्र आहे. "मग होडीने जातो." होडी कोणाची? इथून पुढची वीस मिनिटं माझ्या कागदावर कुठेच नव्हती. होडीवाला कोण, एका हंड्याचे किती घेतो, ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करायचं, हे सगळं समोरच्या माणसांतून ठरत गेलं. एक बाई पदर खोचून उठली आणि होडीवाली झाली. तिने पहिल्या तीन गिऱ्हाइकांना उधारी नाकारली, चौथीला पोटुशी आहे म्हणून फुकट नेलं, आणि त्यावरून होडीत भांडण लागलं. गोळ्यांचं नाटक त्या दिवशी कोणाच्या लक्षात राहिलं नाही. होडीवालीचं राहिलं, ते आजपर्यंत.

त्या आजीच्या पाड्याला तेव्हा एकच नळ होता आणि तोही ठरावीक वेळेपुरता. पन्नासेक वर्षं तिने पाणी डोक्यावरून आणलं होतं. नुसत्या कल्पनेवर रचलेल्या कुठल्याही जगाला तिची पहिली शंका पाण्याचीच असणार. पण तो प्रश्न किती मोठ्या कामाचा आहे हे मला उमगायला बराच काळ गेला. आता कोणतीही नवी गोष्ट बसवताना पहिल्या दिवशी आम्ही तोच प्रश्न फळ्यावर लिहितो.

मी गोरेगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून विज्ञानाकडे वळलेल्यांपैकी मी एक. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. नावाच्या वजनावर बक्षीस नको, या त्यांच्या आग्रहाचं मला अजून अप्रूप वाटतं. वर्गात धडा संपला आणि दहा मिनिटं उरली की मी त्यांची एखादी कथा वाचून दाखवायची. पाड्यांवरून चालत येणारी मुलं मागच्या बाकांवर असायची. गोष्ट सुरू झाली की ती पुढे सरकायची.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं नाटक व्हायचं. २०११ मध्ये तालमीनंतर यादी करताना माझ्या लक्षात आलं की पाड्यांवरच्या मुलांना आम्ही सलग चार वर्षं झाडांची कामं दिली होती. फांद्या हातात धरून उभं राहायचं. शास्त्रज्ञ, डॉक्टर, अंतराळवीर सगळे इमारतींमधले. कोणी ठरवून केलं नव्हतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं, कारण यादी माझ्या हातची होती. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा मुलांबरोबर चालत पाड्यावर गेले. म्हटलं, नाटक इथेच बसवू, इथलीच माणसं घेऊन.

हेतू चांगला असला तरी कामाची रीत कळायला दोन वर्षं गेली. पहिल्या प्रयोगाची वेळ मी रात्री नऊची ठेवली, शहरातल्या नाटकासारखी. कोणी आलं नाही. पाड्यावरची माणसं भल्या पहाटे उठून गोरेगाव स्टेशनला भाजी विकायला जातात. शेजारी दूध वसाहतीचं युनिट आहे, तिथल्या तबेल्याच्या कामगारांचा दिवस तर मध्यरात्र उलटली की सुरू होतो, कारण शहराला दूध उजाडताना लागतं. दुपारी पुन्हा धार. म्हणजे हातात उरतो तो संध्याकाळी सात ते साडेआठचा काळ, आणि नेमका तोच बिबट्या बाहेर पडण्याचा. त्यामुळे आमचे सगळे प्रयोग पाऊण तासाचे झाले. संपल्यावर प्रेक्षक घोळक्याने, बॅटऱ्या लावून, मोठ्याने बोलत घरोघर जातात. लहान मुलं मधे. नाटकाची खरी चर्चा त्या वाटेवर होते, म्हणून आम्ही कलाकारही कपडे न बदलता त्यांच्याबरोबर चालतो.

दुसरी चूक सामानाची. विज्ञानकथा म्हणजे काहीतरी चकाकणारं लागतं, असं माझ्या डोक्यात होतं. आमच्या गटात चित्रनगरीत सेटिंगचं काम करणारा एक दादा आला. पाडा चित्रनगरीला लागून, त्यामुळे त्या घरांतली बरीच माणसं तिथे रोजावर जातात. त्याने मला थर्माकोलचा खडक कसा करतात ते दाखवलं. तापल्या तारेने कापायचा, वरून पातळ कापड डकवायचं, मग सिमेंटच्या रंगाचे तीन हात आणि शेवटी कोरड्या ब्रशने पांढरा फटकारा. हात लावेपर्यंत कळत नाही. मला वाटलं, आता अंतराळयानच करू. सेट मोडल्यावर फेकलेला प्लाय आणून त्याने आठ दिवसांत यान उभंही केलं. प्रयोगाच्या दिवशी लोक यानाभोवती फिरले, टकटक वाजवून पाहिलं, दादाचं कौतुक केलं. गोष्ट कोणी ऐकली नाही. दादाच मला नंतर म्हणाला, "बाई, असली यानं आम्ही रोज बनवतो आन् रोज तोडतो. हितं कशाला?" तो प्लाय पुढे एका घराच्या पडवीला लागला आणि चार पावसाळे टिकला.

त्यानंतर आम्ही घरातल्या वस्तूंवर आलो. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेचं अभिवाचन केलं, तेव्हा हा रस्ता सापडला. त्या कथेतलं गणित वरच्या वर्गालाही जड आहे. पण डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला, एवढं ऐकल्याबरोबर सगळ्यांचे कान टवकारले. मूर्ती घरात आणताना सोंड पाहूनच आणतात. जे सगळ्यांच्या हाताखालचं आहे त्यात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी काहीही हलवायचं नाही, हे कसब आम्ही तिथे शिकलो. हंडा तोच, पण भरला की हलका होतो. बसस्टॉप तोच, पण बस उद्याची येते. एकदा एका मावशीने गोष्ट आणली की पावसाळ्यात शेवळं उगवली, पण त्यात घालायची काकडं कुठल्याच झाडाला लागली नाहीत. शेवळांची भाजी काकडांशिवाय केली तर घसा खाजतो. नाटकात सगळा पाडा खाजऱ्या घशाने बोलतो, मग हळूहळू बोलणंच सोडतो, आणि काकडाचं एक शेवटचं झाड शोधायला दोन मुली निघतात. हवामानबदलावर मी वर्गात बरंच बोलले आहे. या नाटकाएवढं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

त्या सुमारास मी मोखाड्याला बोहाडा पाहायला गेले. जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात देवीच्या जत्रेत रात्ररात्र सोंगं नाचवतात. मुखवटे घातलेले देव आणि राक्षस टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर गावाच्या वाटेने नाचत येतात. सुरुवातीला गणपती येतो, सरस्वती येते. शेवटी देवी आणि महिषासुराची लढाई. कोणतं सोंग कोणी घ्यायचं याचा मान घराण्यांकडे असतो, बाप थकला की मुलगा घेतो. मी एका ओट्यावर पहाटेपर्यंत बसले होते. जे कोणी पाहिलेलं नाही ते अंगावर घ्यायचं आणि गावासमोर उभं राहायचं, हे काम इथली माणसं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. विज्ञानकथा पाड्यावर न्यायची म्हणून मी गेले होते. कल्पनेला शरीर कसं द्यायचं हे माझ्या समोरच्या प्रेक्षकांच्या नातलगांना माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

हे कळूनही मी पुढच्याच वर्षी एक गंभीर चूक केली. 'आजोबा' नावाच्या बिबट्याची हकिगत तेव्हा सगळीकडे गाजत होती. २००९ मध्ये विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, आणि तो महिनाभरात शंभराहून अधिक किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला आला. २०१४ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. मी त्यावर गोष्ट लिहिली. पट्ट्यामुळे बिबट्याला माणसाची भाषा येऊ लागते आणि तो आरेत येऊन घरोघर आपला पत्ता विचारतो. मुखवटा आम्ही शाळेत केला. वर्तमानपत्राचा लगदा, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड, डिंक, आणि मातीच्या साच्यावर बोटाच्या पेराएवढा थर. सुकायला पाच दिवस. मिशांना झाडूच्या काड्या. मुलांनी जीव ओतला होता.

प्रयोगात बिबट्या आला आणि पाड्यातली म्हातारी माणसं एकेक करून उठून गेली. कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी एका बाबांनी मला बोलावून घेतलं. वाघोबाचं सोंग घ्यायचं तर आधी वाघोबाला विचारावं लागतं, ते म्हणाले. मी मुखवटा कुठे ठेवते, असंही विचारलं. शाळेतल्या कपाटावर ठेवला होता, केरसुण्यांच्या शेजारी. हे सांगताना मला मान वर करता आली नाही. ज्या जंगलात त्यांची लेकरं झोपतात तिथे बिबट्या राहतो. आरेत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं आणि लहान मुलं दगावली आहेत. तरीही त्याला देव मानून त्याच्याशी एक करार पाळत ही घरं जगली, आणि मी त्या करारातलं एक पान न विचारता फाडून नाटकाला वापरलं होतं. मी माफी मागितली. नारळ घेऊन मुखवट्यासह वाघोबाच्या ठाण्याशी गेलो, शेंदूर लावला, मुलं पाया पडली. तेव्हापासून तो मुखवटा पाड्यावर एका घरात असतो. आम्हाला लागला की मागायला जातो. दोनदा 'आता नको' असं उत्तर मिळालं आणि दोन्ही वेळा आम्ही नाटक बदललं.

रत्नाकर मतकरींनी ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, त्याबद्दल वाचलं तेव्हा मला मोठा धीर आला होता. गूढकथांचा एवढा मोठा लेखक मुलांना गोष्ट देत नाही, मुलांनाच त्यांची गोष्ट रचायला सांगतो, यात मला माझ्या कामाची दिशा दिसली. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी तर प्रेक्षकाने खेळ थांबवून स्वतः रंगमंचावर यावं, अशी पद्धतच घालून दिली. आमच्या आजीने बोआल यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. खेळ मात्र तिने त्यांच्याच रीतीने थांबवला होता.

आता २०१९ बद्दल. हे लिहायला मला जड जातं.

आरेतली झाडं तोडून मेट्रो-३ ची कारशेड बांधण्यावरून तेव्हा काही वर्षं वाद चालू होता. आम्ही एक नाटक बसवत होतो, २०५० मधल्या न्यायालयाचं. तिथे झाडांना साक्ष द्यायची मुभा मिळाली आहे. वड, उंबर, पळस, ताड एकेक करून पिंजऱ्यात उभे राहतात आणि त्यांनी काय काय पाहिलं ते सांगतात. तेरा वर्षांच्या एका मुलीकडे उंबराचं काम होतं. तिचं भाषण तिने स्वतः लिहिलं होतं, उंबरावरच्या मुंग्यांच्या रांगांबद्दल, आणि ते फार सुंदर होतं. प्रयोग दसऱ्यानंतर ठरला होता.

४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री यांत्रिक करवती सुरू झाल्या. आवाज पाड्यांपर्यंत येत होता. जमावबंदी लागली, रस्ते बंद झाले, २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला जैसे थे आदेश दिला, तोपर्यंत २१४१ झाडं पडली होती. त्या तीन दिवसांत मी घरी बसून होते. मुलांचे फोन येत होते. "बाई, आवाज येतोय," एवढंच सांगायला. त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही.

महिन्याभराने तालमीला जमलो. नाटक करायचं की सोडायचं, यावर गट दुभंगला होता. उंबर झालेली मुलगी म्हणाली, "मी झाड नाही होणार." मला वाटलं ती घाबरली आहे. तिने शांतपणे सांगितलं की झाडं आता साक्ष द्यायला नाहीत, मग ती बोलतात असं कसं दाखवायचं? ते खोटं होईल. मग तुला काय व्हायचंय? "मोजणारी."

त्या नाटकाचं पुढे जे झालं ते मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं सर्वांत साधं नाटक आहे. न्यायालय गेलं, पिंजरा गेला, वकील गेले. मोकळ्या जागेत ही मुलगी एक वही घेऊन उभी राहते. बुंध्यांवर रंगवलेले असतात तसे आकडे ती वाचते. एक आकडा, मग थांबते. कोणी काही बोललं नाही तर पुढचा आकडा. पहिल्या प्रयोगात सात-आठ आकडे नुसते शांततेत गेले. मला ती शांतता सहन होईना, मी पुढे होणार इतक्यात मागून एक बाई म्हणाली, "त्याच्याखाली माझा झोका होता." मुलीने वहीत लिहिलं. पुढचा आकडा. "इथं बकऱ्या बसायच्या दुपारच्या." लिहिलं. "माझ्या नवऱ्याला इथं साप चावला." लिहिलं. तबेल्यातला एक कामगार त्याच्या भोजपुरीत म्हणाला की तो गावाहून नवा आला तेव्हा रडायला एका झाडापाशी जायचा. तेही लिहिलं. कुठलं झाड कोणत्या आकड्याचं, हे कोणीच जाणत नव्हतं. पण एकही माणूस खोटं बोलत नव्हता. अर्ध्या तासाने तिने वही मिटली. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं बसून राहिली, मग उठली, बॅटऱ्या लावल्या.

हे कल्पित म्हणायचं की काय म्हणायचं, हा प्रश्न मला नाटकवाल्या मित्रांनी पुष्कळदा विचारला आहे. मी त्याला कल्पितच म्हणते. २०५० साल तसंच ठेवलं होतं. एकतीस वर्षांनंतर कोणीतरी वही घेऊन विचारायला येईल, ही त्यातली एकच कल्पना, आणि त्या एका कल्पनेमुळे माणसं बोलली.

ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकी लेखिकेची 'पॅरबल ऑफ द सोअर' ही कादंबरी १९९३ ची. तिच्या गोष्टीची सुरुवात २०२४ मध्ये होते, आणि तेव्हा पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालेलं असतं. पुढे तोशी रीगन आणि त्यांच्या आई बर्निस जॉन्सन रीगन यांनी त्यावर संगीतिका केली, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गातात त्या धाटणीची. मला ती कादंबरी एका मैत्रिणीने दिली. वाचताना सारखी आमची आजी आठवत होती. दूरच्या त्या लेखिकेनेही पहिल्यांदा तोच हिशोब केला होता.

या सगळ्या वर्षांत मला जे हळूहळू दिसत गेलं ते असं. आरे कॉलनी हीच एक 'समजा' आहे. १९४० च्या दशकात मुंबईभर तबेले होते. समजा, शहरातल्या सगळ्या म्हशी उचलून जंगलाच्या कडेला नेल्या तर? समजा, दूध यंत्रात घालून बाटलीत भरलं आणि घरोघर एकसारखं पोचवलं तर? दारा खुरोडी यांनी ते प्रत्यक्षात आणलं. १९४९ मध्ये वसाहत सुरू झाली, १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे ३१६० एकर जमीन, ३२ युनिटं, हजारो म्हशी. म्हशीच्या दुधात पाणी आणि दूधभुकटी मिसळून स्वस्त टोन्ड दूध गरिबांपर्यंत नेण्याची युक्तीही खुरोडींची. त्यांना १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझी आई त्या दुधावर वाढली. मी त्या माणसाच्या कल्पनाशक्तीला मनापासून मानते.

पण जंगलाची कडा रिकामी नव्हती. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशांचे पाडे तिथे होते, आजही २७ आहेत. १९७७ मध्ये चित्रनगरी आली, तीही कोणाची तरी 'समजा'. मग कारशेड. प्रत्येक वेळी भविष्याची गोष्ट दुसऱ्या कोणी लिहिली आणि पाड्याच्या वाट्याला त्यात उभं राहण्याचं काम आलं, फांद्या हातात धरून. आम्ही पाऊण तासाच्या नाटकात फार काही उलटवू शकत नाही. पण 'समजा' हा शब्द पहिला कोणी उच्चारायचा, एवढं आमच्या हातात आहे. म्हणून आता मी गोष्ट नेत नाही. फळा, खडू आणि प्रश्न नेते.

सगळे प्रयोग जमले असं मुळीच नाही. कोविडची दोन वर्षं पूर्ण गेली. काही मुलं कामाला लागली आणि परत आली नाहीत. एका देणगीदार संस्थेने दोन वर्षं प्रवासखर्च दिला आणि नंतर प्रेक्षकांची आकडेवारी, 'परिणाम' वगैरे मागितलं. ते लिहिताना माझा निम्मा वेळ जाऊ लागला, तेव्हा मी मदत घेणं थांबवलं. आता खर्च फारसा नाहीच. लगद्याला रद्दी लागते, आणि सतरंज्या.

मोजणारी मुलगी आता कॉलेजात आहे. २० मे २०२५ ला नारळीकर गेले त्या आठवड्यात तिने माझ्याकडून त्यांची पुस्तकं नेली. 'गंगाधरपंतांचे पानिपत' तिने दोनदा वाचलं. पानिपत मराठे जिंकले असते तर, ही त्या कथेतली 'समजा'. परत आली ती स्वतःची घेऊन. समजा, १९४९ मध्ये दूध वसाहत आलीच नसती तर?

गेल्या हिवाळ्यात, खाचरांतल्या भाताची झोडणी उरकल्यावर तो प्रयोग झाला. आता आरेच्या टोकाला मेट्रोचं स्टेशन आहे, तिथून थेट कफ परेडपर्यंत जाता येतं, आणि आमचे दोन कलाकार त्याच मेट्रोने कामावरून तालमीला आले. मी प्रेक्षकांत बसले होते, गोणपाटावर. फळ्यावर नेहमीचा प्रश्न होता. तो पहिल्यांदा विचारणाऱ्या आजी चार वर्षांपूर्वी गेल्या.

नाटकात पाडा मोठा झालेला होता. नदीत मासे होते. युनिटं नव्हती, रस्ता नव्हता, शाळाही नव्हती. शाळा नाही हे मुलीने मुद्दाम ठेवलं होतं, आणि तिथे पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग मागे उभा असलेला तबेल्यातला तो कामगार, झाडापाशी रडायला जाणारा, पुढे आला. त्याचे केस आता पिकलेत. तो म्हणाला, वसाहत नसती तर मी इथे नसतो. माझी मुलं इथे जन्मली. तुमच्या या गोष्टीत मी कुठे आहे?

मुलीने वही उघडली, पण लिहिलं नाही. तिने पाड्यातल्या बाबांकडे पाहिलं, ज्यांनी मला वाघोबाचा करार शिकवला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू आला असतास. दुसऱ्या वाटेनं आला असतास." कामगार म्हणाला, कोणत्या वाटेने ते सांगा. एक मावशी म्हणाली, हा वसईकडून येईल. दुसरी म्हणाली, कशाला, होडीने येईल, आणि जुन्या माणसांना होडीवाली आठवली, ती हसली. शाळेचं काय, असं कोणीतरी पुन्हा विचारलं. साडेआठ वाजून गेले होते. कामगाराला मध्यरात्री उठायचं होतं. मुलीने सांगितलं की इथपर्यंत आजचं, पुढचं लावणी झाल्यावर.

बॅटऱ्या लागल्या. लहान मुलं मधे घेतली. वाटेवर बाबा आणि तो कामगार सर्वांत पुढे चालत होते, आणि वसईकडून यायचं तर मधली खाडी ओलांडायची कशी, यावर दोघांचं वळणापर्यंत चालूच होतं.